साइडपट्टी ही विसाव्याची जागा नव्हे

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतून माल भरून पुण्याच्या वाटेला लागणारा ट्रक असो, सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीची पोती घेऊन निघालेली मालमोटार असो, किंवा लग्नकार्यासाठी मुलाबाळांसह पहाटेच घर सोडलेले एखादे कुटुंब असो, या सर्वांची वाट बहुधा सांगली आणि आष्टा मागे टाकून पेठ नाक्यावर येते. आणि पूर्वी ४ व आता ४८ या क्रमांकाने ओळखला जाणारा पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग तेथे समोर पसरला की चालक पाय सैल सोडून गाडीचा वेग वाढवतो. वेग वाढवावा कसा, हे कोणालाही शिकवावे लागत नाही. परंतु त्या वेगाच्या प्रवाहातून बाहेर पडून थांबायचे कोठे आणि कसे, याचे शिक्षण मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांना मिळालेले असते. आणि या अज्ञानाची किंमत किती जबर असू शकते, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

रस्त्याच्या कडेला थांबणे ही आपल्याकडची फार जुनी वहिवाट आहे. बैलगाडीचा प्रवास ताशी चार-पाच किलोमीटरांच्या गतीने चाले, सडकेच्या दुतर्फा वड आणि चिंचा असत, आणि दुपारचे ऊन चढले की गाडीवान सडक सोडून झाडाखाली येई, बैल सोडी, त्यांना वैरण टाकी आणि स्वतः भाकरी सोडून बसे. त्या काळी कडेला येणे म्हणजे सुरक्षित होणेच होते, कारण मागून येणारी गाडीही बैलाच्याच चालीने येत असे आणि तिचा घुंगुरनाद पावमैलावरून ऐकू येई. महामार्ग चौपदरी झाला, कडेची झाडे गेली, चार किलोमीटरांचा वेग शंभरावर गेला. पण ‘जरा कडेला घे रे’ हे वाक्य मात्र आपल्या तोंडी जसेच्या तसे राहिले. पांढऱ्या रेषेच्या डावीकडे चाके नेली की आपण रस्त्याबाहेर पडलो, ही आपली समजूत त्या जुन्या वहिवाटीतून आलेली आहे, आणि ती आज साफ चुकीची आहे.

ही समजूत किती चुकीची, याचे उदाहरण दूर शोधायला नको. ५ जून २०१६ च्या पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ शेडुंग येथे एक स्विफ्ट मोटार चाक पंक्चर झाल्यामुळे कडेला उभी होती आणि तिच्या मदतीसाठी एक इनोव्हा तेथे थांबली होती. साताऱ्याकडून मुंबईकडे निघालेली एक खासगी आरामबस भरधाव वेगाने येऊन या दोन्ही मोटारींवर आदळली आणि रस्त्याखालच्या खड्ड्यात कोसळली. त्या एका क्षणात सतरा माणसे प्राणाला मुकली. पंक्चर ही काही विलक्षण घटना नव्हे, आणि अडलेल्याच्या मदतीला थांबणे हा तर माणुसकीचा धर्म. म्हणजे कसूर शोधू गेले तर ती थांबण्याच्या हेतूत सापडत नाही. थांबण्याच्या जागेत आणि रीतीत मात्र मृत्यू दबा धरून बसलेला असतो.

दुसरे उदाहरण समृद्धी महामार्गाचे. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर वैजापूर तालुक्यात जांबरगावच्या टोलनाक्याजवळ, सैलानी बाबांच्या दर्ग्याचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची छोटी बस एका ट्रकवर मागून आदळली आणि बारा जण मृत्युमुखी पडले. तो ट्रक परिवहन विभागाच्या अधिकाऱ्यांनी तपासणीसाठी थांबविला होता असा आरोप होऊन दोन अधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. आरोपाचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे. आपण त्यातून एवढेच घ्यावे की, थांबण्याचे कारण पंक्चर असो वा सरकारी तपासणी, मागून येणाऱ्या वाहनाला त्या कारणाची काहीही खबर नसते.

आता या साइडपट्टीची मापे पाहा. चौपदरी महामार्गावर बऱ्याच ठिकाणी पांढऱ्या रेषेबाहेर डांबराचा जो पट्टा असतो त्याची रुंदी दीड मीटरभर असते आणि त्यापुढे मुरुमाची पट्टी लागते, तीही कोठे पावसाने खचलेली तर कोठे झुडपांनी व्यापलेली. नियमाप्रमाणे मालमोटारीची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते. चालक मुरमात चाक रुतेल या धास्तीने ट्रक डांबरावरच उभा करतो, तेव्हा त्या ट्रकचा मीटरभर भाग उघड उघड धावत्या मार्गिकेत राहतो. लहान मोटारही डांबरी पट्ट्यात पुरती मावत नाही, आणि तिचा उजवा दरवाजा उघडला की तो तर थेट वाहतुकीतच उघडतो. बहुतेक जुन्या पुलांवर ही पट्टी आणखी चिंचोळी होते किंवा अजिबात संपते; म्हणून कृष्णा-कोयनेच्या पुलांवर गाडी उभी करून पाणी पाहणे हा रसिकतेचा नव्हे, बेफिकिरीचा प्रकार आहे.

मापांइतकाच महत्त्वाचा भाग माणसाच्या दृष्टीचा. चौपदरी महामार्गावर मोटारींना ताशी १०० आणि मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरांची वेगमर्यादा आहे. शंभराच्या वेगाने मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर कापते. समोर काही आहे हे दिसणे, ते उभे आहे हे उमजणे आणि पाय ब्रेकवर जाणे यातच दीड-दोन सेकंद जातात; नंतर गाडी प्रत्यक्ष थांबायला आणखी साठ-पासष्ट मीटर लागतात. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांनिशी आणि जाग्या चालकाच्या हाती हा हिशेब शंभर मीटरांवर जातो. ओला रस्ता आणि भरलेला ट्रक असेल तर तो किती लांबेल याची कल्पना करावी. त्यातही रात्री एक घातक फसगत होते. काळोखात दोन लाल दिवे दिसतात, आणि ते धावत्या गाडीचे की उभ्या गाडीचे, हे दुरून कळत नाही; अंतर झपाट्याने घटू लागेपर्यंत मेंदू ‘पुढे गाडी चालली आहे’ असेच धरून चालतो. आणि झोपेने जड झालेला चालक तर त्या दिव्यांनाच रस्त्याची दिशा समजून त्यांच्या मागे जाऊ लागतो. पहाटेच्या प्रहरात उभ्या गाड्यांवर येऊन आदळणारी वाहने पुष्कळदा याच फसगतीला बळी पडलेली असतात.

आपल्या सांगली-सातारा भागात या साऱ्यावर गळीत हंगामाची भर पडते. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटले की फेब्रुवारी-मार्चपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाने माथ्यापेक्षा उंच भरलेल्या बैलगाड्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. अशा ट्रॉलीचे चाक रात्री बसले की पोरगेलासा चालक ट्रॅक्टर सोडवून जॅक आणायला गावात जातो, आणि मागे अंधारात उरते ती उसाच्या वाढ्यांनी झाकलेली, दिवा नसलेली, रेषेवर कललेली ट्रॉली. तिचा मागचा भाग म्हणजे काळोखात मिसळलेली एक काळी भिंतच. दरसाल कारखाने, पोलीस आणि परिवहन खाते ट्रॉल्यांना लाल परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम काढतात. परंतु चिखलाने माखलेली किंवा लोंबत्या वाढ्यांखाली दडलेली पट्टी नसल्यासारखीच. ट्रॉलीमालकाने दर खेपेला वजनकाट्यावर उभे असता एका ओल्या फडक्याने ती पट्टी पुसावी आणि मागे लोंबणारी वाढी कापून टाकावीत. या दोन मिनिटांच्या कामाचे मोल एखाद्या घराचा कर्ता माणूस एवढे असू शकते. याच दिवसांत फडातील पाचट पेटवले जाते आणि त्याचा धूर आडवा पसरून रस्ता काही क्षण दिसेनासा होतो. अशा वेळी धुरात गाडी थांबवू नये; वेग कमी करून, दिवे लावून, डावी रेषा धरून तो पट्टा ओलांडावा, आणि थांबायचेच असेल तर धुराच्या पलीकडे पुरेसे पुढे जाऊन मगच.

आता प्रत्यक्ष काय करावे ते क्रमाने सांगतो.

पहिला उपाय म्हणजे थांबण्याची वेळच येऊ न देणे. महामार्गावर कडेला उभ्या असलेल्या गाड्यांकडे एकदा डोळे उघडून पाहिले तर त्यांतील कितीतरी गाड्यांना काहीही झालेले नसते: कोणी फोनवर बोलत असतो, कोणी डबा सोडून बसलेला असतो, कोणी लघुशंकेला उतरलेला असतो, कोणी उसाचा रस किंवा कणसे पाहून मोह पडल्याने थबकलेला असतो. यांतील एकही कारण पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत थांबू न शकण्याजोगे नाही. निघण्यापूर्वी चारही चाकांबरोबर स्टेपनीतली हवाही तपासावी, कारण आणीबाणीच्या वेळी स्टेपनीच बसलेली निघते हा कित्येकांचा अनुभव आहे. डिझेल-पेट्रोलचा काटा खाली गेल्यावर ‘कराडपर्यंत जाईल’ असे अंदाज बांधू नयेत. लहान मुले असतील तर दोन तासांनी थांबायचे हे आधीच ठरवावे आणि ते ठिकाण पंप, हॉटेल किंवा सर्व्हिस रोडवरचे गाव असावे.

दुसरा उपाय असा की, गाडीत बिघाड झाला तरी ती सरकत असेपर्यंत तिला सरकू द्यावे. चाकातली हवा गेली तर माणूस घाईने जागच्या जागी थांबतो, कारण त्याला टायर आणि रिम वाचवायची असते. टायर बाजारात मिळतो, रिमही मिळते. चारही इंडिकेटर लावून, अगदी पायी चालण्याच्या वेगाने का होईना, डावी कडा धरून पुढचा फाटा, सर्व्हिस रोडचे तोंड, पंप किंवा निदान सरळ रस्त्याचा रुंद भाग गाठावा. वळणावर, चढाच्या माथ्यापलीकडे, पुलावर, बोगद्यात आणि उड्डाणपुलाच्या तोंडाशी तर कधीही थांबू नये. खंबाटकीसारख्या घाटात वळणापलीकडची गाडी मागच्याला दिसते तेव्हा त्याच्या हाती काहीच उरलेले नसते.

इतके करूनही थांबणे अटळ झाले, तर गाडी डावीकडे शक्य तितकी बाहेर घ्यावी, पुढची चाके डावीकडे वळवावीत, हँडब्रेक ओढावा आणि चारही इंडिकेटर लुकलुकते ठेवावेत. रात्र असेल तर मागचे लाल दिवेही चालूच राहू द्यावेत. बॅटरी उतरेल ही चिंता त्या घटकेला गौण समजावी. त्यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे: माणसे गाडीबाहेर काढावीत, आणि ती डाव्या दारानेच. लोखंडी कठडा असेल तर सर्वांनी तो ओलांडून पलीकडे जावे. नसेल तर उतार उतरून शेताच्या बांधाकडे व्हावे. उभे राहताना गाडीच्या पुढे राहू नये, कारण धक्का बसलेली गाडी पुढेच फेकली जाते. गाडीच्या मागच्या अंगाला, वाहतूक ज्या दिशेने येते तिकडे काही अंतर जाऊन, पण कठड्यापलीकडे थांबावे. पाऊस आहे, म्हातारी माणसे आहेत, पोर झोपले आहे, अशा सबबी येथे निघतात, आणि त्या खऱ्याही असतात; तरीसुद्धा भिजलेले माणूस घरी जाऊन अंग कोरडे करू शकते हे ध्यानात ठेवावे. पुलासारख्या ठिकाणी उतरायला जागाच नसेल, तेव्हा मात्र सर्वांनी पट्टे बांधून आतच बसावे आणि ताबडतोब मदतीसाठी फोन करावा.

परावर्तक त्रिकोण ही वस्तू बहुतेक गाड्यांच्या डिकीत स्टेपनीखाली वेष्टनासकट पडून असते. ती गाडीला टेकवून ठेवणे निरुपयोगी आहे. वर सांगितलेला शंभर मीटरांचा हिशेब आठवावा आणि गाडीपासून मागे सव्वाशे-दीडशे पावले मोजून तो मांडावा. जाताना कठड्यापलीकडून, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, त्रिकोण छातीसमोर धरून चालावे. गाडी वळणाजवळ अडली असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला तो आधी दिसेल असा हवा. मांडण्यासाठी धावत्या वाहतुकीत उतरावे लागत असेल तर तो नाद सोडावा.

मदतीसाठी राष्ट्रीय महामार्गावर १०३३, पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. टोल देऊन आपण केवळ डांबर विकत घेत नाही. गस्तीची गाडी, क्रेन आणि रुग्णवाहिका यांची तरतूदही त्या टोलनाक्यांच्या व्यवस्थेत असते, मग आपण तासवडे ओलांडलेले असो की आणेवाडी. फोनवर ‘कराडच्या पुढे कुठेतरी’ असे सांगितल्याने गस्तवाल्याचा निम्मा वेळ शोधण्यात जातो. राष्ट्रीय महामार्गावर पिवळ्या डोक्याचा किलोमीटरचा दगड असतो आणि मध्ये दर दोनशे मीटरांना लहान दगड असतात. त्यावरचा आकडा आणि आपण पुण्याकडे चाललो की कोल्हापूरकडे, एवढे दोन तपशील दिले की पुरे.

चाक बदलण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. चाक डावीकडचे असेल, गाडी रेषेपासून पुरती दूर असेल, दिवस असेल आणि जमीन सपाट असेल तर ते काम करावे. उजवे चाक असेल तर पाठ धावत्या ट्रकांकडे करून पान्याने नट सोडवत बसणे म्हणजे जिवाशी जुगार; ते काम क्रेनवाल्यावर सोपवावे. ट्रकवाल्यांची एक रीत येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. चाकाला उटी म्हणून मोठाले दगड लावायचे, गाडीमागे दगडांची रांग मांडून त्यात झाडाची फांदी खोचायची, आणि दुरुस्ती होताच ते सारे तेथेच टाकून निघून जायचे, हा प्रकार महामार्गावर सर्रास चालतो. फांदी रात्री दिसत नाही, आणि मागे राहिलेला दगड पुढच्या दुचाकीस्वाराचा काळ ठरतो. उटी लावणाऱ्यानेच ती उचलायची, हा दंडक प्रत्येक मालकाने आपल्या चालकाला आणि क्लीनरला घालून द्यावा. दुरुस्तीनंतर पुन्हा मार्गिकेत येताना साइडपट्टीवरच वेग घ्यावा, उजवा इंडिकेटर द्यावा आणि मोठी मोकळीक दिसेपर्यंत धीर धरावा.

मदतीला जाणाऱ्यानेही शेडुंगचा धडा विसरू नये. अडलेल्या गाडीशेजारी आपली गाडी उभी करून घोळका जमविण्याने लक्ष्य मोठे होते. पुढच्या सुरक्षित ठिकाणी थांबून १०३३ ला खबर देणे हीच बहुतेक वेळा खरी मदत असते. मात्र माणूस जखमी असेल तर कायद्याच्या भीतीने मागे हटू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १३४-अ या कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. याच कायद्याच्या १२२ व्या कलमाने धोकादायक स्थितीत वाहन सोडून जाण्यास मज्जाव केला आहे, २०१ व्या कलमान्वये वाहतुकीस अडथळा करणाऱ्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड होतो, आणि भारतीय न्याय संहितेच्या २८५ व्या कलमान्वये सार्वजनिक मार्गात धोका निर्माण करणाऱ्याचा दंड पाच हजारांपर्यंत जातो. दंडाच्या रकमा पाहून कोणी सुधारेल असे नाही; पण कडेला थांबणे हा आपला हक्क आहे या गैरसमजाचा निरास त्यातून व्हावा.

पायी माणसांचे काय, हा प्रश्न उरतो. फाट्यावर वडाप जीपला किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सला हात करीत साइडपट्टीवर पिशव्या घेऊन उभी राहणारी माणसे पेठ नाक्यापासून साताऱ्यापर्यंत रोज दिसतात. गाडी थांबते ती त्यांच्यासाठी, आणि आदळते ती त्यांच्यासकट. बसचे तिकीट काढताना चढण्याची जागा सर्व्हिस रोडवर किंवा स्टँडवरच मागून घ्यावी, आणि चालकाने उड्डाणपुलाच्या तोंडाशी उतरा म्हटले तर नको म्हणावे.

शेवटची सूचना गाडीत नसलेल्यांसाठी आहे. मुलगा पुण्याहून निघालेला असतो, कुपवाडच्या घरी आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही, आणि ती दर अर्ध्या तासाने फोन लावते, ‘कुठवर आलास?’ मुलगा शहाणा असतो, गाडी चालवताना बोलत नाही. म्हणून आईचा फोन घ्यायला तो कासेगावच्या अलीकडे कोठेतरी अंधारात गाडी कडेला घेतो. काळजीपोटी केलेला तो फोनच त्याला आपण वर वर्णन केलेल्या जागी नेऊन उभा करतो. तेव्हा घरच्यांनी निघताना एकच करार करावा: वाटेत आम्ही फोन करणार नाही, तू जेवायला पंपावर थांबशील तेव्हा एक, आणि पेठ नाक्याला महामार्ग सोडलास की दुसरा. तेवढे दोन फोन आले की दिवा मालवावा.